चांदीपुरा विषाणू : बालकांच्या मेंदूवर घाला घालणारा आजार

पावसाळ्याच्या सुरुवातीला लहान मुलांमध्ये आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या कारणांपैकी चांदीपुरा विषाणू हे एक घातक कारण आहे. या विषाणूला नागपूरमधील चांदीपुरा या ठिकाणाचे नाव मिळाले असून, ओडिशातील क्षेपणास्त्र चाचणी केंद्र असलेल्या चांदीपूरशी त्याचा संबंध नाही.

शोध आणि उद्रेक

१९६५ मध्ये नागपूर परिसरात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ पसरली असताना, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना तापाच्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात हा नवा विषाणू आढळला. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. रेबीजच्या विषाणूच्या कुळातील या विषाणूचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो.

त्यानंतर जवळपास चार दशके त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना मेंदूज्वराची लागण झाली व त्यांपैकी १८३ बालके दगावली. पुण्यातील तपासण्यांत या साथीचा संबंध चांदीपुरा विषाणूशी जोडला गेला. २००४ मध्ये गुजरातमध्ये आणि २००७ मध्ये विदर्भात त्याचे उद्रेक झाले.

जून ते ऑगस्ट २०२४ या काळात देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ८२ जणांचा मृत्यू झाला, तर ६४ जणांना चांदीपुराची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. यातील बहुसंख्य रुग्ण गुजरातमधील होते. गेल्या २० वर्षांतील हा सर्वांत मोठा उद्रेक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले.

प्रसार कसा होतो?

या विषाणूचा प्रसार प्रामुख्याने सँडफ्लाय अर्थात वालुमाशीच्या चाव्यातून होतो. डासापेक्षाही लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांमध्ये, गोठ्यांत आणि ओलसर, अंधाऱ्या जागी आश्रय घेते. ती संध्याकाळी व रात्री चावते. कुडामातीच्या घरांत आणि गोठ्यालगत झोपणाऱ्या मुलांना त्यामुळे अधिक धोका संभवतो.

लक्षणे आणि उपचार

पंधरा वर्षांखालील मुलांना या आजाराचा सर्वाधिक धोका असतो. अचानक चढणारा तीव्र ताप, उलट्या, झटके येणे, गुंगी आणि शुद्ध हरपणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अनेक रुग्णांचा मृत्यू लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत होतो.

जपानी मेंदूज्वरावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. चांदीपुरावर मात्र लसही नाही आणि विशिष्ट औषधही नाही. झटके थांबवणे, मेंदूची सूज कमी करणे, श्वासोच्छ्वास सुरळीत ठेवणे आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे यांवरच उपचारांचा भर असतो. त्यामुळे तापासोबत झटके अथवा गुंगी आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता बालकाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते.

प्रतिबंध

भिंतींच्या भेगा बुजवणे, घर व गोठ्याची स्वच्छता राखणे, जनावरे घरापासून दूर बांधणे आणि भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी करणे हे प्रमुख उपाय आहेत. वालुमाशी साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत शिरू शकते. म्हणून बारीक जाळीची मच्छरदाणी वापरावी आणि मुलांना अंगभर कपडे घालावेत.