महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे विधानसभा विजय (१९६३–१९७७)

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (संक्षेप: मगोप, बोलण्यात ‘मगो’) या प्रादेशिक पक्षाने गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेच्या १९६३, १९६७, १९७२ आणि १९७७ अशा लागोपाठ चार निवडणुका जिंकल्या. पक्षाचे संस्थापक नेते दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी ते पद सांभाळले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा पक्षाचा मूळ कार्यक्रम होता. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौलात तो फेटाळला गेला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच पक्षाला जनतेने पुन्हा सत्तेवर बसवले. या दोन निकालांचा मेळ कसा घालायचा, हा गोव्याच्या आधुनिक इतिहासातील एक कळीचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाला. आरंभी मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्याकडे लष्करी प्रशासन होते. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश भारतीय संघराज्याचा घटक म्हणून नोंदला गेला. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश शासन अधिनियमाने त्याला लोकनियुक्त विधानसभा मिळाली. ३० जागांपैकी २८ गोव्यात आणि दमण व दीव येथे प्रत्येकी एक, अशी तिची रचना होती. सालाझारच्या राजवटीतील मतदान मूठभर लोकांपुरते मर्यादित होते. त्यामुळे सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने होणारी विधानसभेची ही पहिलीच निवडणूक होती.

त्या वेळच्या गोव्याचे दोन भाग ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे निकाल समजत नाहीत. तिसवाडी, बार्देश, सासष्टी व मुरगाव या किनारी तालुक्यांना ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. तेथे पोर्तुगीज अंमल सोळाव्या शतकापासून होता आणि ख्रिस्ती वस्ती मोठी होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे, सांगे, केपे, काणकोण या ‘नव्या काबिजादी’ अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आल्या. तेथील बहुसंख्य समाज हिंदू राहिला आणि त्याच्या देवळांतील कीर्तन, भजन, नाटक यांची भाषा मराठी राहिली. घरात कोंकणी आणि देवळात, पोथीत, पत्रात मराठी, अशी ही विभागणी होती. शाळेची सोय जेथे होती, तेथे तीही बहुधा खासगी मराठी शाळाच असे.

दुसरी विभागणी जमिनीची होती. जमीन भाटकाराची, तीत राबणारे कूळ आणि भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा मुंडकार यांना कायद्याचे संरक्षण जवळजवळ नव्हते. मुंडकाराला घर सोडायला सांगितले, की त्याला जायला दुसरी जागा नसे. भाटकार हिंदू उच्चवर्णीय असो वा ख्रिस्ती, मुंडकाराच्या दृष्टीने त्यात फारसा भेद नव्हता. मुक्तीनंतर लगेच सर्वांत मोठ्या पक्षाच्या, म्हणजे काँग्रेसच्या, छत्राखाली जी मंडळी एकत्र आली, त्यांत हा उच्चवर्णीय व जमीनदार वर्ग ठळकपणे दिसत होता. मगोपच्या उदयाचे खरे कारण येथे शोधावे लागते.

१९६३ ची निवडणूक

१९६३ मध्ये स्थापन झालेल्या मगोपने ‘सिंह’ या चिन्हावर दोन मागण्या पुढे ठेवल्या: महाराष्ट्रात विलीनीकरण, आणि कसेल त्याची जमीन. प्रजासमाजवादी पक्षाशी त्याची निवडणूक समजूत होती. विलीनीकरणाला विरोध असलेल्या लहान पक्षांनी एकत्र येऊन युनायटेड गोवन्स पक्ष स्थापला. त्याचे नेतृत्व डॉ. जॅक डी सिक्वेरा यांच्याकडे होते. काँग्रेसने विलीनीकरणाचा निर्णय लांबणीवर टाकण्याची भूमिका घेतली. ज्या प्रश्नावर सारा प्रदेश दोन तट करून उभा होता, त्याच प्रश्नावर ती मौन पाळत आहे, असाच त्याचा अर्थ मतदारांनी घेतला.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. मगोप व त्याच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले उमेदवार मिळून १६ जागी विजयी झाले. युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. दमणची जागा काँग्रेसने आणि दीवची अपक्षाने जिंकली. गोव्याच्या २८ जागांत काँग्रेसच्या वाट्याला एकही आली नाही. ज्या केंद्र सरकारने दोन वर्षांपूर्वी गोवा मुक्त केला, त्याच्या पक्षाची ही अवस्था दिल्लीला अनपेक्षित होती. लोकसभेच्या दोन जागांपैकी एकीवर मगोपचे मुकुंद शिंक्रे आणि दुसरीवर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस निवडून आले.

पहिले मंत्रिमंडळ

बांदोडकर यांनी ही निवडणूक स्वतः लढवली नव्हती. तरीही विधिमंडळ पक्षाने त्यांनाच नेता निवडले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुढे मडकई मतदारसंघातील पोटनिवडणुकीत विजयी होऊन ते सभागृहात आले. विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस हे त्यांचे दोन सहकारी मंत्री होते. फर्नांडिस हे ख्रिस्ती समाजातील होते. मगोपला निव्वळ हिंदूंचा पक्ष ठरवणाऱ्यांनी ही निवड सहसा लक्षात घेतलेली नाही. ९ जानेवारी १९६४ रोजी पणजी येथील आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात विधानसभेची पहिली बैठक भरली. स्वातंत्र्यसैनिक पां. पु. शिरोडकर हे पहिले सभापती झाले, तर विरोधी बाकांवर सिक्वेरा बसले.

बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. ते गोमंतक मराठा समाजातील होते. देवळांशी निगडित कलावंत घराण्यांतून आलेल्या या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना सोसली होती. बांदोडकर खाण व्यवसायात यशस्वी झाले आणि शाळा, देवळे व गरजू विद्यार्थी यांना सढळ हाताने मदत करणारे दाते म्हणून खेड्यापाड्यांत ओळखले गेले. सत्तेच्या पहिल्या पदावर या समाजातील माणूस बसणे ही घटनाच पुष्कळांना निवडणुकीच्या निकालाइतकी महत्त्वाची वाटली. खाणमालक मुख्यमंत्री हा कुळांचा नेता कसा, हा प्रश्न विरोधकांनी विचारला आणि तो गैर म्हणता येणार नाही. पण खाणमालकाचा पैसा धंद्यातला होता आणि कुळाचा संघर्ष भाटकाराशी होता. त्यामुळे हा विरोध मतदारांना जाणवला नाही.

सरकारने १९६४ मध्ये कृषी कूळवहिवाट कायदा आणून कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. दुसरे काम शिक्षणाचे. दूरच्या वाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या आणि त्या बहुतांशी मराठी माध्यमाच्या होत्या. ज्यांच्या घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती, अशा मुलांसाठी शाळा वाड्यावर चालत आली, हे या राजवटीचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल.

जनमत कौल

मगोपचे म्हणणे असे, की १९६३ चा निकाल हाच विलीनीकरणाचा कौल आहे. १९६५ मध्ये विधानसभेने तशा आशयाचा ठराव केला आणि महाराष्ट्र विधिमंडळानेही विलीनीकरणाची मागणी केली. सिक्वेरा यांचा प्रतिवाद वेगळा होता. सरकार पाच वर्षांसाठी निवडले जाते, विलीनीकरण मात्र कायमचे असते. म्हणून असा निर्णय आमदारांच्या बहुमताने न होता थेट जनतेच्या मताने व्हावा, असे ते म्हणत. ही मागणी अखेर मान्य झाली आणि संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा संमत केला. सरकारी यंत्रणेचा दबाव नको म्हणून २ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर सरकार पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली.

प्रचारात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता. पणजीचे दैनिक ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरोधात होते. दोन्ही पत्रे मराठी होती, ही बाब लक्षणीय आहे. मराठीपासून अलग राहण्याचे आवाहनसुद्धा हिंदू मतदाराला मराठीतच करावे लागले आणि उदय भेंब्रे यांचे ‘राष्ट्रमत’मधील ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात विशेष गाजले. विलीन झाल्यास गोवा मोठ्या राज्याचा एक जिल्हा होईल, नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, दारूबंदी येईल, कोंकणीला बोलीचा दर्जा मिळेल, हे विरोधी बाजूचे मुद्दे होते. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजीही त्यांच्या पथ्यावर पडली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित दर्जा कायम ठेवण्यासाठी ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले.

१९६७ चा दुसरा विजय

अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. मगोप १६, युनायटेड गोवन्स १२ आणि अपक्ष २, असा तिचा निकाल लागला. ५ एप्रिल रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या उलटसुलट निकालाचा एक भाग निव्वळ गणिताचा आहे. विधानसभेत मतदारसंघ थोड्या मतांनी जिंकला काय किंवा प्रचंड मतांनी जिंकला काय, जागा एकच मिळते. जनमत कौलात मात्र सासष्टीतील प्रत्येक जादा मत पेडण्यातल्या मताच्या विरुद्ध मोजले गेले. पण एवढ्याने उलगडा होत नाही. हिंदू बहुसंख्य असलेल्या प्रदेशात विलीनीकरण हरले, याचा अर्थ हिंदू मतदारांतील एका गटानेही दोन पानांवर शिक्का मारला होता. त्यांतील काही जणांनी मार्चमध्ये सिंहाला मत दिले असले पाहिजे. १९६३ मध्ये ‘महाराष्ट्र’ हा शब्द कुळाला भाटकाराच्या जाचातून सुटण्याची वाट वाटत होता. १९६७ पर्यंत त्याचा माणूस पणजीत सत्तेवर होता, कायदा झाला होता, शाळा उघडली होती. ती सत्ता मुंबईच्या स्वाधीन का करावी, हा विचार त्याच्या मनात आला असेल, तर तो बांदोडकर यांच्या कारभाराचाच परिणाम होता. पक्षाच्या यशाने पक्षाचा पहिला कार्यक्रम अनावश्यक करून टाकला, असे म्हणता येते. बांदोडकर यांनी कौल स्वीकारला आणि पुढील काळात विलीनीकरणाचा विषय मागे पडत गेला.

१९७२ आणि नेतृत्वबदल

१९७० मध्ये पक्षाच्या काही आमदारांनी बांदोडकर यांच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध बंड केले. सरकार मात्र टिकले. १९७२ च्या निवडणुकीत मगोपला १८ जागा मिळाल्या. बांदोडकर यांच्या हयातीतील हे सर्वोच्च यश होय. युनायटेड गोवन्सला १०, काँग्रेसला १ आणि अपक्षाला १ जागा मिळाली. २३ मार्च १९७२ रोजी स्थापन झालेल्या मंत्रिमंडळात शशिकला काकोडकर यांचा समावेश होता. सत्तरीतून निवडून आलेले प्रतापसिंह राणे यांचाही राज्यकारभाराशी परिचय याच सरकारात झाला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर यांचे पदावर असताना निधन झाले आणि काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. सुचेता कृपलानी व नंदिनी सत्पथी यांच्यानंतर भारतातील त्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री होत. लोक त्यांना ‘ताई’ म्हणत. वडिलांच्या पुण्याईवर पद मिळाले, ही टीका त्यांच्यावर कायम होत राहिली. परंतु १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी १९७६ ची कूळकायद्याची दुरुस्ती ही दोन्ही पावले त्यांच्याच कारकिर्दीत पडली. बांदोडकर यांनी संरक्षण दिले होते, मालकीची तरतूद काकोडकर यांनी केली. ती दुरुस्ती पुढे न्यायालयीन वादात अडकली आणि तिचे फळ अनेक कुळांच्या हाती वेळेवर पडले नाही.

१९७७ आणि सत्तेचा शेवट

१९७७ च्या निवडणुकीपर्यंत युनायटेड गोवन्स पक्ष लयाला गेला होता आणि सामना राष्ट्रीय पक्षांशी होता. मगोपला १५, काँग्रेसला १०, जनता पक्षाला ३ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या. नेमक्या निम्म्या जागांवर उभे असलेले हे सरकार दोन वर्षेही टिकले नाही. पक्षाच्याच तीन आमदारांनी साथ सोडली आणि २७ एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत देवराज अर्स यांच्या काँग्रेसने २० जागा जिंकल्या, मगोप ७ वर आला आणि एके काळी मगोपचे मंत्री असलेले प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले.

उत्तरकाळ

४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत होऊन कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. ४० जागांच्या विधानसभेत १९८९ मध्ये मगोपने १८ जागांपर्यंत मजल मारली. १९९४ मध्ये त्याने भारतीय जनता पक्षाशी युती केली, तेव्हा मगोपच्या १२ आणि भाजपच्या ४ जागा आल्या. भाजपचा विधानसभेतील प्रवेश याच वेळी झाला. त्यानंतर बहुजन समाजातील मगोपचा मतदार मोठ्या प्रमाणावर त्या पक्षाकडे वळला आणि १९९९ मध्ये मगोपला ४ जागांवर समाधान मानावे लागले. २०२२ च्या निवडणुकीत पक्षाचे २ उमेदवार निवडून आले. त्यांतील एक जागा मडकईची आहे, जेथून बांदोडकर प्रथम विधानसभेत गेले होते.