नाव एक, उच्चार अनेक

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले. घरात पहिल्या बाळाची चाहूल लागली होती. मुलगा होवो वा मुलगी, नाव ‘झेवियर’च ठेवावयाचे, असा त्यांचा नवस होता. सोबत आलेल्या आजीबाईंच्या मात्र दोन हरकती होत्या. मुलीला पुरुषाचे नाव कसे? आणि ‘शावियेर’ असा सरळ उच्चार असताना ही पोरे ‘झेवियर’ का म्हणतात? हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. त्यांच्या उत्तरासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

मुळात हे व्यक्तीचे नाव नव्हेच. ते एका स्थळाचे नाव आहे. आज स्पेनमध्ये असलेल्या नवारा प्रांतातील झेवियरच्या गढीत १५०६ साली संत फ्रान्सिस जन्मले. बास्क भाषेत ‘एचेबेरी’ म्हणजे नवे घर. त्यावरून हे स्थलनाम सिद्ध झाले. १६२२ साली फ्रान्सिस यांना संतपद मिळाले आणि त्यांच्यावरील भक्तीमुळे घराण्याची ही ओळख पुढे बाळांचे नाव बनली. ‘नवे घर’ यात पुरुष कोठे आणि स्त्री कोठे?

१८५० साली इटलीत जन्मलेल्या संत फ्रान्सिस्का काब्रिनी यांनी व्रते घेताना याच संताचे नाव जोडून घेतले. इटालियन भाषेत त्या ‘फ्रांचेस्का साव्हेरिओ’. पहिले नाव स्त्रीलिंगी, दुसरे पुल्लिंगी! उलट, धर्मगुरूंचे आश्रयदाते संत व्हियान्ने हे ‘जाँ-मारी’, म्हणजे त्यांच्या नावात पवित्र मरियेचे नाव. आपल्याकडील ‘जुझे मारिया’ नावाचे पुरुषही कोणास खटकले नाहीत.

आता उच्चार. संत फ्रान्सिस यांच्या काळी त्या प्रदेशात ‘एक्स’ या अक्षराचा ध्वनी ‘श’ असा होता. पोर्तुगीजांनी तो जपला; म्हणून गोव्याच्या रोमी कोकणीत आजही ‘एक्स’ म्हणजे ‘श’. स्पेनमध्ये तो ध्वनी कंठाकडे सरकला, १८१५ साली तेथील भाषा अकादमीने अशा शब्दांत ‘एक्स’च्या जागी ‘जे’ योजला आणि नाव ‘हाव्हिएर’ झाले. इंग्रजांनी ‘झ’ म्हटले; १८६९ साली मुंबईत स्थापन झालेल्या महाविद्यालयाने तोच उच्चार आपल्या घराघरांत रुजवला. तेव्हा आजीचा उच्चार अशुद्ध नव्हे. उलट तोच संताच्या काळाला अधिक जवळचा.

धर्मविधिसंहितेचे ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. ते लिंगाविषयी वा वर्णलेखनाविषयी बंधन घालत नाही. मात्र नोंदीत हयगय चालत नाही, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. तरुणपणी एका बालकाचे नाव जन्मदाखला न पाहता, गुरुविद्यालयात शिकलेल्या वळणाने आम्ही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत लिहिले. पंचवीस वर्षांनी विवाहाच्या वेळी, दोन कागदांवरील माणूस एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याला वणवण करावी लागली. तेव्हापासून दाखला समोर ठेवल्याशिवाय आम्ही लेखणी उचलत नाही.

त्या दांपत्याला आम्ही इतकेच सांगितले: अक्षरे एकदाच ठरवा आणि सर्व कागदांवर तीच ठेवा, उच्चार घरावर सोपवा. मुलगी झाली. नोंदवहीत नाव ‘एक्स’नेच आरंभते. आईबाप तिला झेवियर म्हणतात, आजी शावियेर. बाळ दोन्ही हाकांना मान वळवते.