सोन्याच्या मुलखातले पाणी

एखाद्या प्रदेशाचा इतिहास कोणत्या वस्तूच्या नावाने लिहिला जातो, यावर त्या इतिहासात कोण येणार आणि कोण वगळले जाणार हे बरेचसे ठरून जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डी, कालगुर्ली, नॉर्समन आणि दक्षिण किनाऱ्यावरचे एस्परन्स हा सारा टापू सोन्याच्या नावाने ओळखला जातो. 1892 च्या सप्टेंबरात आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डीला सोने सापडले. 1893 च्या जूनमध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तीन आयरिश माणसांना ते कालगुर्लीला सापडले. अधिकृत इतिहास येथून सुरू होतो. त्याआधी तेथे जणू नुसती तांबडी माती पडून होती.

गेल्या वर्षी पर्थ येथील एका परिसंवादाला जाण्याचा योग आला. तो संपल्यावर पाच दिवस काढून मी हा मुलूख पाहिला. सोने पाहावयास गेलो होतो हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवसापासून मी जो हिशेब मांडू लागलो तो पाण्याचा होता, आणि पाण्याचा हिशेब मांडू लागताच इतिहासातली माणसे बदलू लागली.

पर्थहून कालगुर्लीस जाणारी आगगाडी सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे अंतर सात तासांत कापते. गव्हाची शेते संपतात, मग खुरटी झाडी, मिठाची कोरडी सरोवरे आणि मधूनच ग्रॅनाइटचे उघडे खडक. वाटेत बराच वेळ एक पाइप सोबतीला असतो. या पाइपची कथा तेथे प्रत्येकजण सांगतो आणि ती सांगण्यासारखी आहेही. सोने सापडले तेव्हा पिण्यास पाणी नव्हते. खाऱ्या सरोवरांचे पाणी लाकडे जाळून उकळावयाचे, वाफ थंड करावयाची आणि ते पाणी गॅलनच्या भावाने विकावयाचे, असा धंदा चाले. त्यासाठी आणि खाणींसाठी आसमंतातले रान तोडले गेले. घाणेरड्या पाण्याने विषमज्वराची साथ आली आणि सोन्यासाठी आलेली तरुण पोरे कूलगार्डीच्या दफनभूमीत गेली. तेव्हा सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने पर्थजवळच्या मुंडारिंगला धरण बांधून, आठ पंपघरांच्या बळावर, पाचशेहून अधिक किलोमीटर अंतरावर दररोज 50 लक्ष गॅलन पाणी चढवण्याची योजना आखली. वृत्तपत्रांनी त्याची भरपूर निंदा केली. 10 मार्च 1902 रोजी ओकॉनरने फ्रीमँटलजवळ घोडा समुद्रात घातला आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढच्या वर्षी, 24 जानेवारी 1903 ला, कालगुर्लीस पाणी पोचल्याचा सोहळा झाला.

ओकॉनरच्या शोकांतिकेविषयी मला आदरच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. 1893 ते 1903 ही दहा वर्षे, आणि त्याआधी तीस वर्षे या वाळवंटात फिरणारे गोरे प्रवासी, जगले कोणाच्या पाण्यावर?

या प्रदेशातल्या ग्रॅनाइटच्या खडकांत नैसर्गिक खळगे आहेत. तेथे त्यांना नॅमा म्हणतात. तोंड लहान, पोट मोठे. पावसाचे पाणी त्यात साठून राहते. आदिवासी लोक त्यावर दगडाची चीप किंवा फांद्या ठेवीत, म्हणजे ऊन लागत नाही आणि जनावर पडून कुजत नाही. कोणता खळगा कोणत्या ऋतूत किती दिवस पुरेल, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले होते. ज्या देशाला नदी नाही तेथे हे ज्ञान म्हणजेच देश. 1860 नंतरच्या दशकात चार्ल्स हंट याने यॉर्कपासून पूर्वेस वाट काढली आणि विहिरी बांधल्या. आदिवासी वाटाडे त्याला पाणवठ्यांपर्यंत नेत आणि तेथे कैद्यांच्या हातून दगडी बांधकाम होई. तीस वर्षांनी सोन्याच्या शोधात निघालेले लोक याच वाटेने, याच विहिरींच्या आधाराने पूर्वेकडे गेले. बांधलेल्या विहिरींना हंटचे नाव मिळाले. पाणी दाखवणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही.

हंटच्या वेळी निदान वाटाडे होते. पुढे तेवढीही सभ्यता राहिली नाही. डेव्हिड कार्नेगी नावाचा, एका स्कॉटिश उमरावाचा मुलगा 1896 साली कूलगार्डीहून उत्तरेकडे उंटांचा तांडा घेऊन निघाला. वाटेत पाणी संपत आले की तो आदिवासी स्त्रीपुरुषांना पकडी, बांधून ठेवी, त्यांना खारवलेले मांस खाऊ घाली आणि तहानेने कासावीस झाल्यावर त्यांच्या मागोमाग पाणवठ्यापर्यंत जाई. कोण्या विरोधकाने केलेला हा आरोप नाही. 1898 च्या आपल्या प्रवासवर्णनात कार्नेगीने स्वतः हे लिहून ठेवले आहे. अपराध करणारा तो स्वतःच नोंदवतो आणि तरीही त्याचा अपराध ठरत नाही, याहून त्या काळाचे वर्णन मला करता येणार नाही. दहा वर्षांनी आल्फ्रेड कॅनिंग या सरकारी भूमापकाने हॉल्स क्रीकपासून वायलुना या सोन्याच्या गावापर्यंत गुरे आणण्याची वाट आखली. त्यानेही पाणी शोधण्यासाठी आदिवासींच्या गळ्यात साखळ्या घातल्या. त्याच्याच तांड्यातल्या एडवर्ड ब्लेक नावाच्या आचाऱ्याने तक्रार केली, म्हणून 1908 साली रॉयल कमिशन बसले. कमिशनने कॅनिंगला निर्दोष ठरवले. मग त्या वाटेवर सुमारे 50 विहिरी खोदल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक मूळ पाणवठ्यांवरच. विहीर खोल, वर झाकण, पाणी ओढायला बादली आणि रहाट. ते गुराख्यासाठी होते. ज्यांचे पाणी होते त्यांचे हात आता पाण्यापर्यंत पोचत नव्हते.

हे वाचताना आपल्यापैकी कोणाला महाड आठवणार नाही? मलाही आठवले. माझी आजी गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर ठेवून लांब उभी राहत असे. वरून कोणी ओतील तेव्हा पाणी. ती घटका-दोन घटका कशी जाई हे तिने मला सांगितले आहे. पण सादृश्य दिसताक्षणी दोन इतिहासांची गाठ मारून मोकळे होण्याची एक खोड आपल्या चळवळीला आहे. तिच्यापासून येथे सावध राहिले पाहिजे. चवदार तळ्यावर आम्हांला जाऊ दिले जात नव्हते. आमचा स्पर्श नको होता. वाळवंटात त्या माणसांना स्पर्शाच्या भयाने दूर ठेवलेले नव्हते, त्यांना साखळीने ओढत पाण्यापाशी नेले होते. आमच्याकडे पाणी नाकारण्याला धर्मशास्त्राचा आधार होता. तेथे लुटण्यासाठी शास्त्राची गरजही कोणाला वाटली नाही. शिवाय आम्ही ज्या तळ्याचे पाणी मागत होतो ते गावाचे, सार्वजनिक होते, आणि कायदा आमच्या बाजूचा एक ठराव तरी 1923 साली करून बसला होता. त्यांना मागायचे काहीच नव्हते. सर्वस्व त्यांचेच होते. म्हणून त्यांच्या लढ्याची भाषा हक्क मिळवण्याची कमी आणि परत घेण्याची अधिक आहे.

याहून अवघड वाटावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या बाजूची आहे. पाइप येण्याआधी या मुलखात माल आणि पाणी वाहिले ते उंटांनी. उंटांबरोबर आलेल्या माणसांना तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, परंतु त्यांतले पुष्कळजण बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर अशा ब्रिटिश हिंदुस्थानच्या भागांतून आले होते. फैज महमद आणि ताघ महमद हे भाऊ कूलगार्डीतले मोठे उंटव्यापारी होते. या लोकांशिवाय सोन्याची एकही वसाहत आठवडाभर तगली नसती. तरीदेखील 1894 साली एका पाणवठ्यावर, त्यांनी पाय धुऊन पाणी घाण केले या सबबीवर, एका गोऱ्या माणसाने दोघांवर गोळ्या झाडल्या, आणि न्यायालयाने त्याला सोडून दिले. पाणी विटाळल्याची ही भाषा आपल्या कानांना किती ओळखीची आहे! त्याच वर्षी कूलगार्डीत अफगाणविरोधी संघटना उभी राहिली. ‘कूलगार्डी मायनर’ या पत्राचा संपादक फ्रेडरिक व्हॉस्पर हा एरवी कामगारांची बाजू घेणारा जहाल माणूस. पण आशियाई माणूस त्याच्या कामगारवर्गात बसत नव्हता. 1895 च्या कायद्याने आशियाई आणि आफ्रिकी परकीयांना सोने खणण्याचा परवानाच नाकारला.

आणि तरीही या छळलेल्या माणसांचे उंट त्याच खळग्यांचे पाणी पीत होते. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटर पाणी पिऊ शकतो. एका कुटुंबाला कित्येक दिवस पुरणारे पाणी तांड्याच्या एका मुक्कामात संपे. शोषिताच्या खाली आणखी एक शोषित असतो हे आपल्याला जातीच्या उतरंडीने शिकवलेच आहे. ते परदेशात, आपल्याच भूमीतून गेलेल्या माणसांच्या संदर्भात पाहताना मात्र मान खाली जाते.

सोन्याच्या खाणीचा विषय निघाला म्हणून कोलारचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षांत लंडनच्याच भांडवलावर कोलारच्या खाणी चालत होत्या. तेथे भूगर्भात उतरणारा मजूर मुख्यतः तमिळ दलित होता. 1902 साली शिवनसमुद्राहून कोलारच्या खाणींना वीज आली, 1903 साली कालगुर्लीस पाणी आले. सोन्यासाठी वीज आणि पाणी शेकडो किलोमीटर चालत जाते. वस्तीसाठी किती चालते, ते आपण जाणतोच. एका ठिकाणी काळ्या माणसाला खाणीत उतरण्याची बंदी, दुसऱ्या ठिकाणी खाणीत उतरण्यावाचून गत्यंतर नाही. कोलार 2001 साली बंद झाले. त्यावर कोणीतरी मराठीत स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

कालगुर्लीचे नावच मुळी तेथल्या भाषेतले आहे. रानात होणाऱ्या एका खाण्याजोग्या फळाच्या नावावरून, कार्लकुर्लावरून, ते आले असे सांगतात. गावच्या मुख्य रस्त्याला हॅननचे नाव आहे आणि 1929 साली उभारलेला त्याचा पुतळाही आहे. पुतळ्याच्या हातात फावडे नाही, पाण्याची पिशवी आहे, आणि त्या पिशवीतून येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावे अशी योजना आहे. शिल्पकार जॉन मॅक्लिओड याला या गावचे सत्य नकळत सापडले, असे मला वाटले. फक्त पिशवी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावयास हवी होती.

पाइपचे पाणी आले खरे, पण नळ गावात होता, आणि गावात कोणी यावे हे 1905 च्या ‘ॲबोरिजिनीज ॲक्ट’ने ठरवले. या कायद्याने सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी मुलाचा पालक ‘मुख्य संरक्षक’ नावाचा अधिकारी झाला, आई जिवंत असतानासुद्धा. ए. ओ. नेव्हिल हा 1915 ते 1940 या पदावर होता. मुले आयांपासून तोडून वसाहतींत नेण्याचे धोरण त्याने पद्धतशीर राबवले. याच कायद्याखाली एखादे शहर नोकरीत नसलेल्या आदिवासींना निषिद्ध ठरवता येई. पर्थ शहर तसे ठरवले गेले ते 1927 साली. वर्ष पुन्हा एकदा वाचावे. ही बंदी 1954 पर्यंत होती.

आज कालगुर्लीच्या कडेला ‘सुपर पिट’ नावाची उघडी खाण आहे. साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, सहाशे मीटरहून खोल. कठड्याशी उभे राहिले की तळातले अजस्र ट्रक मुंगळ्यांसारखे दिसतात. लोक छायाचित्रे घेत होते, मीही घेतले. या खाणीपासून थोड्याच अंतरावर, बोल्डर भागात, 2016 च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेलेली मोटारसायकल शोधत निघालेल्या एका गोऱ्या माणसाच्या गाडीखाली 14 वर्षांचा एक आदिवासी मुलगा मेला. न्यायालयाबाहेर लोक जमले, दगडफेक झाली. पुढच्या वर्षी त्या माणसाला मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त करून, धोकादायक वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. पर्यटकांना वाटल्या जाणाऱ्या नकाशात ही जागा नाही.

कालगुर्लीहून दक्षिणेस किनाऱ्याकडे जाताना नॉर्समन लागते. 1894 साली एका घोड्याच्या टापेखाली सोन्याचा खडा निघाला, म्हणून गावाला घोड्याचे नाव. त्या घोड्याचा पुतळा आहे. चौकात पन्हाळी पत्र्याचे उंटही उभे केले आहेत. घोडा झाला, उंट झाले. मी बसच्या विसाव्याच्या वेळात गावभर फिरून पाहिले. पाणी दाखवणारा माणूस कोठे दिसला नाही.

मग रान उतरत जाते, हवा ओलसर होते आणि एस्परन्सचा पांढराशुभ्र किनारा येतो. सोन्याच्या धामधुमीत येथे जहाजांतून माणसे उतरत आणि उत्तरेकडे निघत. त्याआधी 1860 नंतर डेम्पस्टर बंधूंनी मेंढ्यांसाठी येथली जमीन घेतली होती. येथून पश्चिमेस रेव्हन्सथॉर्प आहे. तेथे 1880 साली जॉन डन या गोऱ्या जमीनदाराला भाल्याने मारल्यानंतर सूडापोटी नूंगार लोकांचे हत्याकांड झाले. पुढे कित्येक पिढ्या नूंगार माणसे त्या गावात मुक्कामास थांबत नसत, गाडीची काचही खाली करत नसत. 2015 साली तेथे एक स्मारक झाले. त्याच्या आदल्या वर्षी एस्परन्सच्या नूंगारांचा भूमीवरील मूळ हक्क न्यायालयाने मान्य केला होता. खटला सुरू झाल्यापासून तोवर कित्येक वडीलधारी माणसे गेलेली होती.

एस्परन्स हे नाव 1792 साली येथे आसऱ्याला आलेल्या फ्रेंच जहाजाचे. नूंगार भाषेत या जागेला केपा कुर्ल म्हणतात. पाणी जेथे बूमरँगसारखे वळून निजते ती जागा, असा त्याचा अर्थ. समुद्रकाठी एक वयस्क नूंगार बाई बाकावर बसल्या होत्या. मी कोठून आलो हे त्यांनी विचारले. मी सांगितले, आणि आमच्याकडच्या एका तळ्याची गोष्ट मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, ‘आणि आता त्या तळ्याचे पाणी पिण्यासारखे आहे का?’