संप्लवक : गोठण्याला कामाला जुंपणारे उपकरण

अवकाशात हवा नसल्यामुळे साठलेली उष्णता एकतर प्रारणाने बाहेर टाकावी लागते, नाहीतर पाण्याची वाफ करून तिच्याबरोबर सोडून द्यावी लागते. हा दुसरा मार्ग मुळात मातीच्या माठाचाच. परंतु सुमारे ६११ पास्कलांहून कमी दाबाखाली द्रवरूप पाणी टिकतच नाही, त्यामुळे निर्वातात झिरपलेले पाणी एकीकडे उकळते आणि उकळताना स्वतःचीच उष्णता गमावून दुसरीकडे गोठते. साध्या बाष्पकात, म्हणजे पाण्याची वाफ करून थंडावा निर्माण करणाऱ्या उपकरणात, असे गोठणे हा बिघाड ठरतो, कारण बर्फाने वाट बुजली की वाफ बाहेर पडत नाही.

अपोलो मोहिमांच्या अंतराळपोशाखासाठी बनवलेल्या संप्लवकाने ही अडचणच कामाला लावली. संप्लवन म्हणजे कापराप्रमाणे घनरूपातून थेट वायुरूपात जाणे. निकेलच्या सच्छिद्र पत्र्याच्या आतील बाजूस पाणी सोडले जाई. ते छिद्रांत गोठून स्वतःच बूच होई, आणि अंतराळवीराच्या अंगावरील नळ्यांतून तापून आलेले दुसरे पाणी त्या बर्फाला उष्णता देई. उष्णता वाढली की संप्लवन वाढे, घटली की बर्फच गळती रोखून धरी. नियमनासाठी वेगळी झडप लागत नसे, आणि या उपकरणाचे खरे सौंदर्य इथेच आहे. एक किलोग्रॅम बर्फ वायुरूप होताना सुमारे २,८०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. अंगावरील नळ्यांतल्या पाण्याऐवजी नुसत्या वायुप्रवाहाने शरीर थंड ठेवण्याची मर्यादा जून १९६६ मध्ये जेमिनी-९ए मोहिमेत दिसली होती. यानाबाहेर श्रम करताना यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच आतून धुरकटून गेली होती.

पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या शीतन-व्यवस्थेत आतील वलयात पाणी आणि बाहेरील वलयात अमोनिया अशी विभागणी झाली, कारण अमोनिया उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो. तरी जेथे या दोन द्रवांमध्ये केवळ पातळ धातूचा पडदा असतो, त्या उष्णता-विनिमयकात अतिथंड अमोनिया आला तर पलीकडचे पाणी गोठून प्रसरण पावेल, पडदा फाटेल आणि विषारी अमोनिया निवासी कक्षात शिरेल. म्हणून त्या विनिमयकात अमोनियाचे तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या वर राखावे लागते. त्याच स्थानकातून अमेरिकी पोशाखात बाहेर पडणाऱ्या अंतराळवीराच्या पाठीवर मात्र पाणी मुद्दामच गोठवले जाते.