मंजुश्रीची पत्रं आणि आपलं मौन



पन्नाशी ओलांडलेल्यांना मंजुश्री सारडा हे नाव आठवत असेल. आपल्या मराठवाड्यातली, बीडची मुलगी. ११ फेब्रुवारी १९८२ ला लग्न होऊन पुण्याला गेली आणि चारच महिन्यांत, जूनमधल्या एका रात्री, सायनाइडच्या विषाने गेली. त्याआधी थोडेच दिवस ती माहेरी येऊन गेली होती. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने पत्रंही लिहिली होती. पतीचा दुरावा, एकटेपणा, मनाची घालमेल, सारं त्यांत होतं.

पुण्याच्या कोर्टाने पतीला खुनासाठी फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र त्याला निर्दोष सोडलं. पत्रांवरून ती खूप निराश दिसते, त्यामुळे आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. तो निकाल मानला, तरी एक प्रश्न उरतोच. नुकतं लग्न झालेल्या मुलीचं मन चार महिन्यांत इतकं कसं विझलं? खून की आत्महत्या यावर सगळे बोलले, विझत चाललेल्या मनाबद्दल फार थोडे.

त्या थोड्यांत पुण्याच्या विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणी होत्या. नारी समता मंच उभा राहिला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन त्यांनी गावोगावी नेलं. पुढे बायकांना मन मोकळं करता यावं म्हणून 'बोलते व्हा' केंद्र काढलं. बोलायला जागा हवी, हे त्यांनी ओळखलं.

कायदाही हळूहळू मनापर्यंत पोचला. १९८३ च्या कलम ४९८-अ ने शारीरिक छळासोबत मानसिक छळही गुन्हा ठरवला. २००५ च्या कायद्याने तर घालूनपाडून बोलणं, मुलगा नाही म्हणून हिणवणं, पैशांची कोंडी करणं, यांनाही कौटुंबिक हिंसा म्हटलं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. आपली अहिंसा मन, वचन, काया अशी तिन्हींची आहे. पाणी गाळून पिणारे, सूर्यास्ताआधी जेवणारे आपण, पण सुनेला लागणारा शब्द गाळून बोलतो का? झोप न येणं, छातीत धडधडणं, पावलांच्या आवाजानेही दचकणं ही त्या शब्दांची, त्या मारांची खूण असू शकते. आपण मात्र म्हणतो, "हिचा स्वभावच तसा", नाहीतर "हिला बाहेरचं झालंय."

मीही चुकले आहे. नात्यातली एक मुलगी माझ्याजवळ रडली, तेव्हा मी म्हटलं, "थोडं सांभाळून घे." ते धीर देणं नव्हतं, दार लावून घेणं होतं. ती पुन्हा कधी माझ्याजवळ बोलली नाही. क्षमावाणीला मी शंभर जणांची क्षमा मागितली, तिची मात्र राहिली. यंदा आधी तिच्याकडे जाणार आहे.

लेक बोलू लागली की आधी ऐका. लगेच परत पाठवू नका. मदतीला १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही नंबर सुनेच्या, लेकीच्या फोनमध्ये आपल्या हाताने घालून द्या.