बाधा आणि संवाद : अंतर्गत व्यक्तिमत्त्व-घटकांवरील उपचारपद्धतींची निवड – बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणारी यात्रा विदर्भ-मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. नारळांची होळी, संदल आणि सर्व धर्मांच्या भाविकांची उपस्थिती ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. ‘बाहेरची बाधा’ झाल्याचे मानले गेलेल्या व्यक्तींना नातेवाईक येथे घेऊन येतात. बाधित व्यक्ती घुमू लागते, निराळ्या आवाजात बोलते. त्या आवाजाला विचारले जाणारे प्रश्न आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सारखेच असतात : तू कोण? का आलास? काय घेतल्यावर जाशील? प्रस्तुत लेखात या प्रश्नांकडे मानसोपचाराच्या इतिहासातून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हे प्रश्न दवाखान्यातही विचारले गेले आहेत. 1890 मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात आशिल या टोपणनावाने ओळखला जाणारा 33 वर्षांचा एक रुग्ण दाखल झाला. आपल्या देहात सैतान शिरला आहे, अशी त्याची खात्री होती. तरुण तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञ पिएर जाने याने त्या सैतानाचे अस्तित्व नाकारले नाही आणि त्याला हाकलण्याचाही यत्न केला नाही. रुग्णाचे लक्ष अन्यत्र गुंतवून त्याच्या हाती पेन्सिल दिली आणि हलक्या आवाजात सैतानाशीच बोलणे आरंभिले. हात उत्तरे लिहू लागला. ‘तुझी शक्ती एवढी असेल तर याला झोपवून दाखव’, अशा आशयाचे आव्हान जानेने दिले व सैतान त्यात फसला. त्या निद्रावस्थेत खरी हकिगत बाहेर आली : प्रवासात पत्नीशी झालेली प्रतारणा आणि त्यानंतरचा असह्य पश्चात्ताप. पत्नीने क्षमा केल्याचे दृश्य जानेने सूचनेद्वारे त्याच्या मनात उभे केले आणि रुग्ण बरा झाला. 1894 मध्ये ही हकिगत व्याख्यानरूपाने मांडताना जानेने तिला ‘आधुनिक भूतोत्सारण’ म्हटले. या नावात थोडा मिश्किलपणा आहे. कारण येथे भूत काढले गेले नाही, त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

पुढील शतकात या विचाराला अनेक फाटे फुटले. इटलीच्या आसाजोली यांनी ‘उपव्यक्तिमत्त्वे’ कल्पिली. फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट पद्धतीत मनातील विरोधी स्वर रिकाम्या खुर्चीवर बसवून त्याच्याशी बोलतात. एरिक बर्न यांनी 1950 च्या दशकात पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अहं-अवस्था सांगितल्या. 1980 च्या दशकात रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ पद्धत मांडली. मनाचा कोणताही घटक मुळात वाईट नसून तो कशाचे तरी रक्षण करीत असतो, हे तिचे गृहीतक.

महाराष्ट्रात मात्र अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांच्या प्रयत्नांमुळे अधिक रुजली. ती मनाच्या भागांशी संवाद करीत नाही. अविवेकी समजुतींशी वाद घालते. वस्तुतः मनालाच संबोधून बोलण्याची रीत मराठीला परकी नाही. रामदासांचे 205 ‘मनाचे श्लोक’ त्याच रीतीचे. याच विदर्भातील नागपूर येथे 1974 पासून एका मराठी विदुषीच्या ठिकाणी बंगाली बोलणारी ‘शारदा’ प्रकट होऊ लागली. इयान स्टीव्हन्सन यांनी 1984 च्या ग्रंथात या प्रकरणाची पुनर्जन्माच्या अंगाने चर्चा केली, तर इतरांना त्यात व्यक्तिमत्त्वाचे विघटन दिसले. शारदा खरी कोण, यावरच वाद रंगला; तिला काय हवे होते, हा जानेचा प्रश्न मागे पडला.

निवडीचा प्रश्न येथे खरा होतो. समजा, एखाद्या सुनेच्या अंगात मृत सासू बोलते. बर्न यांच्या पद्धतीत तो ‘पालक’ स्वर ठरेल, गेस्टाल्टमध्ये सासू समोरच्या खुर्चीवर येईल, श्वार्ट्झ यांची पद्धत हा स्वर सुनेचे कशापासून रक्षण करतो ते विचारील. विवेकनिष्ठ पद्धतीने पहिल्याच भेटीत वाद आरंभिल्यास ती सून पुन्हा येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि दुसऱ्या टोकाचा धोकाही लहान नाही. 1980 नंतर अमेरिकेत बहुव्यक्तिमत्त्वाच्या निदानांची लाट आली. उपचारकाने प्रत्येक स्वराला नाव दिले की स्वर वाढतात, अशी टीका तेव्हा झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. श्वार्ट्झ यांच्या पद्धतीचा संशोधनाधारही अद्याप मर्यादित आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली तिची एक नियंत्रित चाचणी 79 संधिवातग्रस्तांवरील होती, बाधितांवरील नव्हे. शिवाय अपस्मार वा तीव्र मनोविकृती असल्यास औषधोपचार आधी हवा. तेथे खुर्चीशी संवाद निरुपयोगी, क्वचित अपायकारक ठरतो.

6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. कायद्याने साखळी काढता येते. परंतु ‘तू कोण?’ हा प्रश्न दर्ग्याच्या आवारात आजही विचारला जातो, आणि तोच प्रश्न रुग्णाच्या बोलीत, न रागावता विचारणारा समुपदेशक तालुक्याच्या ठिकाणी भेटेल की नाही, यावर त्या सुनेची वाट ठरते.