नोकरीचा इंग्रजी अर्ज (शिरूर–दौंड)

विशिष्ट पदासाठी उमेदवाराने आस्थापनेला लिहिलेले औपचारिक पत्र. सोबतचा बायोडाटा शिक्षण व अनुभव यांची नोंद देतो, तर ही नोंद मागितलेल्या कामाशी कशी जुळते, हे अर्ज सांगतो.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्यकारभाराची भाषा मराठी असल्याने तहसील कचेरीकडचे अर्ज मराठीत जातात; परंतु शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत देशी-परदेशी मोठ्या कंपन्यांचे कारखाने असून त्यांचा बराच पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना परीक्षेबाहेरचे पहिले इंग्रजी पत्र नोकरीसाठीच लिहावे लागते.

पत्ता, दिनांक, विषय, मायना, मजकूर व समाप्ती हा सांगाडा शाळेतच शिकवला जातो. ‘डिअर सर’ या मायन्यास ‘युअर्स फेथफुली’ आणि नावानिशी केलेल्या मायन्यास ‘युअर्स सिन्सिअरली’ ही समाप्ती जुळते, हा ब्रिटिश संकेत येथेही पाळला जातो.

अर्जाचे खरे बळ मधल्या परिच्छेदात असते. कुरकुंभची वसाहत प्रामुख्याने रासायनिक उद्योगांची असल्याने तेथे रसायनशास्त्राचा पदवीधर, किंवा आयटीआयमधून ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा ट्रेड, म्हणजे रासायनिक संयंत्र चालवण्याचा अभ्यासक्रम, पूर्ण केलेला उमेदवार आपण कोणती उपकरणे हाताळली व सुरक्षिततेचे कोणते प्रशिक्षण घेतले हे लिहितो. रांजणगावात मोटारी आणि घरगुती विद्युत उपकरणे तयार होत असल्याने तेथे फिटर वा वेल्डर ट्रेडचा उमेदवार यंत्रांची नावे, ‘अप्रेंटिसशिप’ अर्थात शिकाऊ उमेदवारीचा काळ आणि पाळीत काम करण्याची तयारी नोंदवतो. म्हणूनच एकच मजकूर पदाचे नाव बदलून दोन्हीकडे पाठवणे व्यर्थ ठरते.

‘आय बेग टू स्टेट’ यांसारखी वसाहतकालीन याचनेची भाषा अजूनही काही नमुन्यांत आढळते. ती टाळणेच योग्य, कारण घरची अडचण सांगून मागितलेल्या नोकरीपेक्षा हातातले कौशल्य सांगून केलेली मागणी उमेदवाराचा मान राखते आणि निवड करणाऱ्यालाही उपयोगी माहिती देते. इंग्रजी कच्चे असल्यास छोटी, स्वतःला समजणारी वाक्ये लिहावीत, कारण पाठ केलेल्या अलंकारिक मजकुराबद्दल मुलाखतीत प्रश्न आल्यास उत्तर देणे जड जाते.

अर्ज ई-मेलने पाठवताना पदाचे नाव व जाहिरातीचा क्रमांक विषयाच्या ओळीत देतात आणि मागितलेली प्रमाणपत्रे पीडीएफ स्वरूपात जोडतात.